पाकिटावरचा इशारा आणि परिशिष्टातले आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर पुढच्या बाजूला सिगारेटसारखा इशारा असावा का, यावर बोलणारे बहुतेक जण एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: इशारा वाचून कोणी सवय सोडतो का? प्रश्न रास्त आहे, पण त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर नाही. पाकिटाच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेली ओळ हाही इशारा आणि अर्ध्याहून जास्त दर्शनी भाग व्यापणारे कर्करोगाच्या गाठीचे छायाचित्र हाही इशाराच. पहिल्याचा उपयोग जवळपास शून्य, दुसऱ्याचा परिणाम मोजता येतो. कायद्यात ‘इशारा छापावा’ एवढे वाक्य आले की काम झाले असे आपल्याला वाटते. खरा निकाल लागतो नियमांच्या परिशिष्टात, जिथे सेंटिमीटर, टक्के, ग्रॅम आणि तारखा असतात. उत्पादकांचे वकील मसुदा हातात आला की आधी तेच पान उघडतात. वाचकांनीही ते उघडावे, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा अहवाल १९६४ साली आला आणि १ जानेवारी १९६६ पासून सिगारेटच्या पाकिटावर इशारा दिसू लागला. त्याची जागा कडेला होती आणि भाषा ‘आरोग्याला घातक ठरू शकते’ अशी गुळमुळीत. ज्या कायद्याने हा इशारा आणला, त्याच कायद्याने जाहिरातींत इशारा सक्तीचा करण्यापासून व्यापार आयोगाला काही वर्षे रोखूनही ठेवले. पुढे १९९२ साली सिगारेट कंपनीविरुद्धच्या सिपोलोन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पाकिटावर संघराज्याने ठरवलेला इशारा असल्यामुळे, १९६९ च्या दुरुस्तीनंतरच्या काळापुरता, ‘कंपनीने पुरेसे सावध केले नाही’ असा दावा राज्यांच्या कायद्याखाली करता येणार नाही. कमजोर इशारा निरुपयोगी असतोच, शिवाय तो उत्पादकाला न्यायालयात कामी येतो. ‘काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे’ असे म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर चाळावा.

मोठी छायाचित्रे आणली कॅनडाने, २००० सालच्या नियमांनी, दर्शनी भागाच्या निम्म्या जागेवर. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. त्याच्या ११व्या कलमानुसार इशाऱ्याने मुख्य दर्शनी भागाचा किमान ३० टक्के भाग व्यापलाच पाहिजे, आणि तो ५० टक्के किंवा त्याहून अधिक असावा अशी अपेक्षा आहे. भारतात ३१ मे २००९ रोजी चित्रे आली तेव्हा ती फक्त पुढच्या बाजूवर आणि ४० टक्के जागेत होती. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के झाली, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. नेपाळ ९० टक्क्यांवर गेला.

या टक्केवारीचा प्रत्यक्ष अर्थ पाहू. नेहमीच्या २० सिगारेटच्या पाकिटाची पुढची बाजू साधारण ५.५ गुणिले ८.८ सेंटिमीटर, म्हणजे ४८ चौरस सेंटिमीटर. त्यातले ३० टक्के म्हणजे साडेचौदा, ८५ टक्के म्हणजे ४१ चौरस सेंटिमीटर. दुसऱ्या पर्यायात कंपनीच्या नावाला आणि रंगसंगतीला जेमतेम सात चौरस सेंटिमीटर उरतात. चित्र मोठे होणे हा निम्मा फायदा आहे, जाहिरात आक्रसणे हा उरलेला निम्मा. आकाराइतकीच जागाही महत्त्वाची. इशारा वरच्या कडेला हवा, कारण मांडणीतल्या फळीची पट्टी आणि किमतीची चिठ्ठी पाकिटाचा खालचा भाग झाकतात, आणि खिशातून पाकीट काढतानाही आधी वरचाच भाग दिसतो. पण वरच्या कडेलाच उघडणारे झाकण असते. झाकण उचलले की चित्राचे दोन तुकडे होतात, त्यामुळे मजकूर झाकणाच्या चिरेवर येणार नाही अशी मांडणी नियमातच आखून द्यावी लागते. कराच्या चिकटपट्टीची जागाही ठरवून द्यावी लागते. नाहीतर ती नेमकी चेहऱ्यावर बसते.

पाकिटाचा आकार मोकळा सोडला तर तीही एक पळवाट होते. बारीक, उभट पाकिटांवर तेच चित्र दाबून छापले की डोळ्याला काय आहे तेच कळत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात इशारा किमान ४४ मिलिमीटर उंच आणि ५२ मिलिमीटर रुंद असावा अशी अट आहे, तिथे एका पाकिटात किमान २० सिगारेट लागतात आणि पाकीट ठोकळ्याच्या आकाराचेच चालते. नुसती टक्केवारी लिहिली असती, तर लिपस्टिकच्या डबीएवढ्या पाकिटानेही नियम पाळला असता.

एकच चित्र वर्षानुवर्षे राहिले तर नजर त्याला सरावते. म्हणून कराराच्या मार्गदर्शक सूचना १२ ते ३६ महिन्यांत चित्रे बदलायला सांगतात. फेरपालट दोन प्रकारे होते: एका वेळी एकच चित्र ठरावीक काळ, किंवा अनेक चित्रे एकाच वेळी समान संख्येत. आमच्या मते दुसरी पद्धत चांगली, कारण नेहमी ओढणाऱ्याच्या हातात दर वेळी वेगळे चित्र येते. मात्र ‘समान संख्येत’ हे शब्द सुटले तर छपाईत सौम्य चित्राच्याच प्रती जास्त निघतात. मजकूर ठोस हवा: ‘आरोग्यास हानिकारक’ ऐवजी आजाराचे नाव, आणि कारण-परिणामाचे सरळ विधान. तरुणांना तीस वर्षांनी होणाऱ्या आजारापेक्षा दात, त्वचा, दम आणि लैंगिक क्षमता यांवरचा परिणाम लवकर भिडतो, त्यामुळे संचात दोन्ही प्रकार असावेत.

भीतीच्या शेजारी वाट दाखवावी लागते. नुसते भयंकर चित्र पाहून माणूस पाकीट उलटे ठेवतो किंवा वेगळ्या डबीत सिगारेट भरतो. शेजारी ‘सोडण्यासाठी या क्रमांकावर फोन करा’ असेल तर त्या अस्वस्थतेला काही करण्याजोगे मिळते. भारतात सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर निःशुल्क क्रमांक आहे. ऑस्ट्रेलियात पाकिटांचे रंग आणि बोधचिन्हे काढून टाकल्यावर न्यू साउथ वेल्स राज्यातल्या अशा मदतवाहिनीचे फोन ७८ टक्क्यांनी वाढले होते. ही वाढ पुढे ओसरते, म्हणून नवे चित्र बाजारात येण्याच्या आठवड्यांत फोन घेणारी माणसे जास्त बसवावी लागतात. क्रमांक छापला आणि पलीकडे कोणी उचललाच नाही, तर सोडायला निघालेला माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही.

ऑस्ट्रेलियाची ही एकरंगी पाकिटे १ डिसेंबर २०१२ पासून सक्तीची झाली. रंग पँटोन ४४८ सी, मळकट हिरवट-तपकिरी. ब्रँडचे नाव ठरावीक टंकात आणि ठरावीक आकारात, इशारा पुढे ७५ टक्के आणि मागे ९० टक्के. ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द अनेक देशांनी बंद केल्यावर उत्पादकांनी तोच अर्थ सोनेरी, रुपेरी आणि फिकट निळ्या रंगांतून पोहोचवला होता. तो मार्ग एकरंगी पाकिटाने बंद झाला. कॅनडाने १ ऑगस्ट २०२३ पासून लागू केलेल्या नियमांनी इशारा थेट प्रत्येक सिगारेटवर, फिल्टरभोवतीच्या कागदावर आणला. जिथे सुटी सिगारेट विकली किंवा दिली-घेतली जाते, तिथे घेणाऱ्याच्या हातात पाकीट कधी येतच नाही. त्याच्यासाठी ८५ टक्के काय आणि १०० टक्के काय, सारखेच.

खाद्यपदार्थांकडे वळण्याआधी टार आणि निकोटिनच्या मिलिग्रॅमांबद्दल थोडे, कारण ती गोष्ट पुढे कामी येते. हे आकडे पाकिटावर छापणे एके काळी ग्राहकहिताचे समजले जाई. ते यंत्राने काढलेले असत. प्रमाणित पद्धतीत यंत्र मिनिटाला एक झुरका ओढते, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा. ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरभोवती सूक्ष्म छिद्रांची रांग असते. यंत्र ओढते तेव्हा त्या छिद्रांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि आकडा खाली येतो. माणूस ओढतो तेव्हा तीच छिद्रे ओठांखाली किंवा बोटांखाली झाकली जातात. निकोटिन कमी पडले की झुरका आपोआप खोल आणि लांब होतो, आणि छातीत जाणारे टार कमी होत नाही. कॅनडाच्या कडक चाचणीत झुरका ५५ मिलिलिटरचा, दर ३० सेकंदांनी आणि छिद्रे पूर्ण बंद करून. या चाचणीत ‘लाइट’ आणि साध्या सिगारेटमधले अंतर बरेच मिटते. युरोपीय संघाने शेवटी हे आकडे पाकिटावरून काढूनच टाकले. आकडा अचूक असूनही ग्राहकाची फसगत झाली, ती मोजण्याच्या पद्धतीमुळे.

खाद्यपदार्थांत हाच प्रश्न ‘कशामागे किती’ या रूपात येतो. सिगारेटला सुरक्षित मात्रा नाही, म्हणून इशारा सरसकट सगळ्यांवर. अन्नात कुठेतरी रेषा ओढावीच लागते, आणि सगळी ओढाताण त्या रेषेवर असते. पोषणतक्त्यात ‘प्रति सर्व्हिंग’, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणामागे, असा रकाना असतो. समजा एका बिस्किटात १०० ग्रॅममागे २८ ग्रॅम साखर आहे. उत्पादकाने सर्व्हिंग १२ ग्रॅमचे ठरवले, तर तक्त्यात साखर दिसते ३.४ ग्रॅम, ‘दैनंदिन मर्यादेच्या सुमारे ७ टक्के’. हाच १२० ग्रॅमचा पुडा एकट्याने संपवला तर साखर होते साडेतेहतीस ग्रॅमच्या वर. दोन हजार किलोकॅलरीच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे. इशाऱ्याची रेषा सर्व्हिंगवर बांधली, तर सर्व्हिंग लहान करून कोणताही पदार्थ रेषेखाली आणता येतो. म्हणून ती १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरवर हवी.

चिलीने तशीच बांधली. सिनेटर ग्विदो खिरार्दी यांनी लावून धरलेला २०.६०६ क्रमांकाचा कायदा २०१२ साली झाला आणि २७ जून २०१६ पासून अमलात आला. पांढऱ्या किनारीचा काळा अष्टकोन, आत ‘साखर जास्त’, ‘सोडिअम जास्त’ असे दोन-तीन शब्द आणि आरोग्य मंत्रालयाचे नाव. मर्यादा तीन टप्प्यांत कडक होत गेल्या. घन पदार्थांसाठी १०० ग्रॅममागे सुरुवातीला साखर २२.५ ग्रॅम, सोडिअम ८०० मिलिग्रॅम, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) ६ ग्रॅम आणि उष्मांक ३५० किलोकॅलरी. २०१९ पर्यंत हे आकडे १० ग्रॅम, ४०० मिलिग्रॅम, ४ ग्रॅम आणि २७५ किलोकॅलरी झाले. पेयांसाठी अखेरच्या मर्यादा १०० मिलिलिटरमागे साखर ५ ग्रॅम, सोडिअम १०० मिलिग्रॅम, संपृक्त मेद ३ ग्रॅम आणि ७० किलोकॅलरी.

टप्पे दिले ते योग्यच झाले. पाककृती बदलणे म्हणजे एक घटक कमी करणे इतके सोपे नसते. साखर गोडीबरोबर आकारमान, भाजल्यावरचा रंग आणि कुरकुरीतपणा देते, मुरंब्यासारख्या पदार्थांत पाणी धरून ठेवून टिकाऊपणाही देते. मीठ कमी केले तर बुरशी आणि जिवाणूंसाठी दुसरा बंदोबस्त करावा लागतो आणि टिकण्याची मुदत नव्याने तपासावी लागते. पहिल्याच दिवशी अखेरची मर्यादा लावली, तर जवळपास सगळ्यांवर अष्टकोन येतात आणि कोणालाच बदलायचे कारण उरत नाही. टप्पे दिल्यामुळे पहिल्या टप्प्यातच अष्टकोन लागण्याजोग्या उत्पादनांचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आले, आणि अशा पेयांची घराघरांतली खरेदी २३.७ टक्क्यांनी घटली. अर्थात हे यश एकट्या अष्टकोनाचे नाही. त्याच कायद्याने अशा पदार्थांची १४ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात बंद केली, पाकिटावरची कार्टूनपात्रे हटवली आणि शाळांतली विक्री थांबवली. खोक्यावर हसरा वाघ तसाच असेल, तर शेजारच्या अष्टकोनाकडे मूल पाहत नाही.

शंभर ग्रॅमच्या मोजमापालाही फटी आहेत. एका पेयात १०० मिलिलिटरमागे साडेचार ग्रॅम साखर असेल, तर ते पाचच्या मर्यादेतून निसटते. पण त्याची अर्धा लिटरची बाटली संपवली की साडेबावीस ग्रॅम साखर पोटात जाते आणि त्या पेयातले जवळपास सगळे उष्मांक साखरेचेच असतात. म्हणून पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निकषांत तुलना उष्मांकांशी आहे: मुक्त साखरेतून (वरून घातलेली, तसेच मध, सिरप आणि फळांच्या रसातली) एकूण उष्मांकांच्या १० टक्के किंवा अधिक मिळत असतील, संपृक्त मेदातून १० टक्के किंवा अधिक, किंवा सोडिअम दर किलोकॅलरीला एक मिलिग्रॅम किंवा अधिक, तर इशारा. या निकषात वरचे पेय लगेच अडकते. पेयांसाठी उष्मांकांशी तुलना आणि घन पदार्थांसाठी शंभर ग्रॅम, अशी दुहेरी रेषा आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते.

पाण्यात कालवून पिण्याच्या भुकट्यांचे वेगळेच त्रांगडे. समजा भुकटीत १०० ग्रॅममागे ८० ग्रॅम साखर आहे. ‘१८ ग्रॅम भुकटी २४० मिलिलिटर पाण्यात’ असे लिहिले, तर तयार पेयात १०० मिलिलिटरमागे ६ ग्रॅम साखर येते आणि इशारा लागतो. तीच सूचना ‘१२ ग्रॅम’ अशी बदलली की ४ ग्रॅम, आणि इशारा गायब. भुकटी तीच, आणि घरात चमचे टाकायचे तेवढेच टाकले जातात. त्यामुळे मोजमाप विकल्या जाणाऱ्या स्थितीत करायचे की तयार स्थितीत, आणि तयार स्थितीत असेल तर सूचना कोणी मंजूर करायची, हे नियमात लिहिलेले असावे.

प्रयोगशाळेची बाजू चर्चेत सहसा येत नाही. फळात मुळातली साखर आणि वरून घातलेली साखर यांत नेहमीच्या चाचणीने प्रयोगशाळा फरक करू शकत नाही, रेणू तेच असतात. ‘वरून घातलेली साखर’ हाच निकष ठेवला, तर तपासनिसाला कंपनीच्या पाककृतीवर विसंबावे लागते. चिलीने काढलेली वाट सुटसुटीत आहे: पदार्थात साखर, मध किंवा सिरप घातलेले आहे का, एवढेच घटकयादीतून पाहायचे. घातले असेल तर एकूण साखर मोजायची, नसेल तर पदार्थ या नियमाबाहेर. दुसरा मुद्दा सहनमर्यादेचा. छापलेला आकडा आणि तपासलेला आकडा यांत थोडा फरक चालवून घेतला जातो. युरोपीय संघाच्या मार्गदर्शनात मध्यम पातळीच्या साखरेसाठी तो २० टक्क्यांपर्यंत आहे. आता मर्यादा १० ग्रॅम, छापलेला आकडा ९.८ आणि तपासणीत ११ निघाले, तर काय? सवलत तक्त्यापुरती ठेवावी, इशाऱ्याच्या रेषेला लागू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाहीतर १० ची मर्यादा कागदावर राहते आणि बाजारात ती १२ होते.

मग तारे का नकोत? भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची पद्धत सुचवली होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तशी पद्धत २०१४ पासून ऐच्छिक आहे. तिच्या हिशेबात साखर, सोडिअम, संपृक्त मेद आणि उष्मांक यांचे वजा गुण, तर तंतू, प्रथिने, फळे, कवचफळे यांचे अधिक गुण. बेरीज-वजाबाकीत भरपूर साखरेच्या पदार्थात थोडे तंतू आणि प्रथिनांची भुकटी मिसळली की तारे वाढतात, साखर मात्र होती तेवढीच राहते. आणि तारा, कितीही कमी असला, तरी शाबासकीचे चिन्ह आहे. दोन तारे पाहून कोणी सावध होत नाही. पद्धत ऐच्छिक असेल तर कमी तारेवाले ते छापतही नाहीत. फ्रान्सने २०१७ मध्ये स्वीकारलेले, सर्ज एर्सबर्ग यांच्या गटाचे न्यूट्री-स्कोअर (A ते E अक्षरांची रंगीत श्रेणी) हेही बेरीज-वजाबाकीचेच आहे, पण त्यात तळाचा वर्ग लाल असतो आणि एकाच प्रकारच्या दोन पदार्थांतला बरा निवडायला ते खरोखर मदत करते. ‘यात काय जास्त आहे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र काळा अष्टकोनच एका नजरेत देतो, आणि ते अक्षरओळख नसलेल्यालाही मोजता येते: एक, दोन की तीन.

अष्टकोनाचा एक दुष्परिणाम मान्य करायला हवा. साखर काढून उत्पादक कृत्रिम गोडवा घालतात. अष्टकोन जातो, पण मुलांच्या जिभेची गोडाची सवय तशीच राहते. मेक्सिकोने १ ऑक्टोबर २०२० पासून इशारे लागू करताना याचा विचार केला: पाच अष्टकोनांशिवाय ‘गोडवा आणणारे पदार्थ आहेत, मुलांसाठी शिफारस नाही’ आणि ‘कॅफिन आहे, मुलांनी टाळावे’ अशा दोन आयताकृती पट्ट्या. लहान पाकिटांवर सगळे अष्टकोन मावत नाहीत, तिथे एकच चिन्ह आणि त्यात इशाऱ्यांची संख्या.

आकाराच्या बाबतीत मात्र अन्नाचे इशारे अजून फार मागे आहेत. चिलीत पाकिटाच्या क्षेत्रफळाप्रमाणे अष्टकोन दीड ते साडेतीन सेंटिमीटर रुंद असतो. दर्शनी भाग ३०० चौरस सेंटिमीटर असेल तर साडेतीन सेंटिमीटरचा एक अष्टकोन सुमारे दहा चौरस सेंटिमीटर व्यापतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. सिगारेटच्या ८५ टक्क्यांशी याची तुलना करू नये, पदार्थच वेगळे आहेत. पण नवा मसुदा करणाऱ्यांनी यापेक्षा लहान चिन्ह स्वीकारू नये, आणि जागाही ठरवून द्यावी: उजवा वरचा कोपरा. पाकिटाच्या मागच्या बाजूवरही पुढच्यासारखेच चित्र आणि नाव छापायचे, इशारा फक्त एका बाजूला ठेवायचा आणि दुकानातल्या फळीवर दुसरी बाजू बाहेर करायची, ही सोपी युक्ती आहे. त्यावर उपाय तेवढाच सोपा: ब्रँडचे नाव ज्या ज्या बाजूवर मोठे, त्या प्रत्येक बाजूवर इशारा. ऑनलाइन विक्रीच्या छायाचित्रालाही हाच नियम हवा, नाहीतर तिथे इशारा नसलेला जुना फोटो वर्षभर राहतो.

न्यायालयांची भीती दाखवली जाईल. उरुग्वेने ८० टक्के इशारे आणल्यावर फिलिप मॉरिसने आंतरराष्ट्रीय लवादात दावा केला. जुलै २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली आणि जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने जून २०२० मध्ये एकरंगी पाकिटे टिकवली. नोंदलेले बोधचिन्ह दुसऱ्याला वापरू न देण्याचा हक्क देते, ते हवे तसे मिरवण्याचा हक्क देत नाही, हा त्यातला गाभा.

इशारे येईपर्यंत ग्राहकाला घरी करता येण्याजोगा हिशेब असा. तक्त्यातला ‘प्रति १०० ग्रॅम’ हाच रकाना वाचावा. तो नसेल तर सर्व्हिंगचा आकडा सर्व्हिंगच्या ग्रॅमने भागून १०० ने गुणावा. सोडिअमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात: ४०० मिलिग्रॅम सोडिअम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि प्रौढाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम मिठाच्या आत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिले तीन आधी पाहावेत. मात्र साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांचा सांद्र रस अशी साखर पाच नावांत विभागली, तर त्यांतले एकही पहिल्या तिनात येत नाही. पाचही एकत्र धरावीत. ट्रान्स फॅटच्या पुढे ‘०’ असले तरी घटकयादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ शब्द शोधावा. अमेरिकेसारख्या देशांत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापता येते.

शेवटचा मुद्दा तारखांचा. ‘अमुक तारखेनंतर उत्पादित मालावर इशारा’ असे लिहिले, तर आदल्या महिन्यात गोदामे भरली जातात आणि टिकाऊ माल वर्ष-दीड वर्ष इशाऱ्याविना विकला जातो. कॅनडाने सिगारेटवरच्या इशाऱ्यासाठी दुकानदाराला स्वतंत्र तारखा दिल्या: किंग साइजसाठी जुलै २०२४ ची अखेर, साध्या सिगारेटसाठी एप्रिल २०२५ ची अखेर. मसुदा जाहीर झाला की हरकती पाठवायला थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत उत्पादनाच्या तारखेबरोबर विक्रीची तारीखही मागावी, आणि परदेशी मालावर सुटणारी चिकटपट्टी नको, छापील इशाराच हवा, हेही त्याच पत्रात लिहावे.

आपले,
सार्वजनिक आरोग्य आणि अन्नतंत्रज्ञान या विषयांचे काही अभ्यासक